निवटीच्या रक्ताच्या थेंबातून खाडीचं प्रदूषण कसं तपासायचं

माहीमच्या कॉजवेवरून जाताना नाकाला रुमाल लावतो आपण सगळेच, खाडी घाण आहे हे सांगायला लॅब लागत नाही. पण पाणी घाण असणं वेगळं आणि त्या पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या डीएनएची मोडतोड होत असणं वेगळं, आणि हे दुसरं नाकाला कळत नाही. पाण्याचा सॅम्पल बाटलीत भरला तर तो फक्त त्या तासाचा हिशोब देतो. रात्री दोन वाजता कुणी टँकर नाल्यात रिकामा केला आणि पहाटेच्या ओहोटीला ते सगळं वाहून गेलं तर तुमच्या सकाळी दहाच्या बाटलीत काय सापडणार? मासा मात्र, म्हणजे आपल्या बाबतीत निवटी, चिखलात राहणारा छोटा मडस्किपर, रात्रभर तिथेच होता. त्याने ते पाणी कल्ल्यांतून घेतलं, तो गाळ खाल्ला, आणि जे काय झालं त्याची खूण त्याच्या रक्तात राहिली. ती खूण कशी वाचायची ते लिहितेय. कॉलेजची झूलॉजीची लॅब, एक चांगला मायक्रोस्कोप आणि बराच पेशन्स असेल तर अर्धं काम एमएस्सीच्या पोरांनाही नीट जमतं, मी करून घेतलंय.

आधी थोडी थिअरी, कारण ती नसेल तर पुढे स्लाइडवर काय बघतोय तेच कळत नाही. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशांच्या तांबड्या पेशींत असतं, छान लांबट अंड्यासारखं, मधोमध. म्हणजे रक्ताच्या एका थेंबात डीएनए असलेल्या लाखो पेशी आयत्या मिळतात. ह्या पेशी तयार होतात मुख्यतः माशाच्या किडनीत आणि थोड्या प्लीहेत. तिथे पेशी विभागत असताना एखाद्या विषारी द्रव्याने क्रोमोसोम तुटला, किंवा क्रोमोसोम ओढणारे धागेच बिघडले, तर तुकडा किंवा अख्खा क्रोमोसोम मागे राहतो आणि मोठ्या केंद्रकाच्या शेजारी त्याचा एक छोटासा गोल ठिपका बनतो. हाच मायक्रोन्यूक्लियस. ही टेस्ट मुळात उंदरांच्या बोनमॅरोवर १९७० च्या दशकात बसवली गेली आणि १९८२ साली हूफ्टमन आणि डी राट ह्या दोघांनी मडमिनो नावाच्या छोट्या माशाच्या रक्तात ती करून दाखवली. तेव्हापासून जगभर नद्या-खाड्यांवर ही वापरतात, कारण खर्च कमी आणि मासा न मारताही होते.

खाडीत हे करणारी द्रव्यं कोणती? डिझेल, जळकं ऑइल आणि टायर-कचरा जाळल्यावर येणारे पीएएच (अनेक वलयं जोडलेली कार्बनी द्रव्यं), त्यातला बेंझोपायरीन तर माशाच्या लिव्हरमध्ये गेल्यावर एन्झाइम त्याचं असं रूप करतात की ते थेट डीएनएला जाऊन चिकटतं. मग क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, काही रंग, काही कीटकनाशकं. मुंबईच्या आजूबाजूला ह्या सगळ्याचे रस्ते आहेत. मिठी विहार-पवईच्या तलावांपासून निघून जेमतेम १८ किलोमीटर वाहते आणि तेवढ्यात वर्कशॉप, भंगार, गटारं सगळं अंगावर घेऊन माहीमला समुद्राला मिळते. ठाणे खाडीच्या एका काठाला ठाणे-बेलापूरचा इंडस्ट्रियल पट्टा आहे आणि तीच खाडी २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा पण आहे, फ्लेमिंगो बघायला आपण जातो तीच. वरच्या टोकाला ही खाडी अरुंद होत उल्हासला एका चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहे, त्यामुळे तिथलं पाणी पटकन बाहेर निघत नाही, गाळ साठतो, आणि गाळाला चिकटून बाकी सगळं साठतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मासा कुठला घ्यायचा. इथे मी पहिल्या वर्षी चुकले आणि अख्खा सीझन गेला म्हणून जरा सविस्तर सांगते. मी बोईट (मुलेट) घेतली होती. बोईट सगळीकडे मिळते, मोठी असते, रक्त भरपूर निघतं, आणि तेव्हा वाटलं मार्केटमधूनच ताजी घेऊ, विक्रेत्याने सांगितलं खाडीचीच आहे. स्लाइड केल्या, मोजल्या, आणि मग जेव्हा लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हा मासा नेमका कुठल्या खाडीतला, कधी आत आला, आधी कुठे होता, ह्यातलं मला काहीच सांगता येत नाहीये. बोईट अंडी घालायला समुद्रात जाते, भरतीबरोबर आत-बाहेर करते. तिच्या रक्तातली खूण कुठल्या पाण्याची ते कोण सांगणार? नंतर ठाणे खाडीत चिखलात हात घालून निवट्या पकडणाऱ्या एका मावशींनी एका वाक्यात सांगितलं, "बाय, बोईट भरतीबरोबर येते नि जाते, निवटी कुठं जाते घर सोडून?" तिथून मी निवटीवर आले ती आजपर्यंत.

निवटीचे फायदे बघा. चिखलात बीळ करून राहते, आपली हद्द सांभाळते, दुसरी आली तर भांडते. गाळावरचं शेवाळ खरवडून खाते म्हणजे गाळातलं जे काय आहे ते तिच्या पोटात जातं, आणि कातडीतूनही श्वास घेते म्हणजे अंगावरूनही आत जातं. आपल्याकडे खाजणात, तिवरांच्या पुढच्या उघड्या चिखलात ती ठिकठिकाणी दिसते, अगदी घाण जागीही टिकते. तोटा एकच, लहान असते, रक्त कमी. पण आपल्याला थेंबच पाहिजे. निवटी नाहीच मिळाली तर खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात राहणारी तिलापिया चालेल, तिच्यावर जगभर काम झालंय त्यामुळे तुलना करता येते. काहीही घ्या, पण सगळ्या ठिकाणी एकच जात घ्या. एका खाडीची निवटी आणि दुसऱ्या खाडीचा शिंगाळा अशी तुलना करायची नाही, कारण प्रत्येक जातीचा मुळातला आकडा वेगळा असतो.

आणि तुलना कशाशी करायची हा पुढचा अवघड प्रश्न. माहीमच्या निवटीत हजार पेशींमागे अमुक मायक्रोन्यूक्लियस निघाले ह्या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही, स्वच्छ खाडीतल्या निवटीत किती निघतात ते हवं. लोक काय करतात, कोकणात जातात, हिरवीगार खाडी दिसली की तिलाच स्वच्छ समजतात. थांबा जरा आणि नकाशा काढून नदीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघा. रेवदंड्याची खाडी सुंदर आहे, पण वर कुंडलिकेवर रोहा-धाटावची एमआयडीसी. बाणकोटची खाडी सुंदर, वर सावित्रीवर महाड. दाभोळची तर काय विचारता, पण वर लोटे परशुराम. म्हणून ज्या छोट्या नद्यांवर मोठी एमआयडीसी नाही त्या शोधायच्या, केळशी किंवा आंजर्ल्यासारख्या, आणि तिथेही जाऊन काठाने चालत बघायचं की होड्यांचं रंगकाम-दुरुस्ती कुठे चालते, गटार कुठे उतरतं, आणि त्याच्यापासून लांब सॅम्पल घ्यायचा. खारटपणाही साधारण सारखा पाहिजे. साधा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जा आणि दोन्हीकडे मोजा, कारण पाण्याचा खारटपणा एकदम बदलला तर त्याच्याच ताणाने माशाच्या पेशींत फरक पडतो आणि आपण त्याचं बिल प्रदूषणाच्या नावावर फाडतो.

शक्य असेल तर एक घाण जागा आणि एक स्वच्छ जागा एवढंच न करता एकाच खाडीत ओळीने तीन-चार जागा घ्या. ठाणे खाडीत ऐरोली, मग वाशी, मग शिवडी असं. आकडा वरून खाली क्रमाने बदलत गेला तर त्या गोष्टीला जास्त वजन येतं.

कधी जायचं? पावसाळ्यात नको, निदान पहिल्यांदा तरी नको. खाडीचं पाणी गोडं होतं, सगळं पातळ होतं, शिवाय नाल्यांमधून एकदम वर्षभराचं वाहून येतं, सगळी खिचडी. एप्रिल-मे ला एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरला एकदा, अशा दोन फेऱ्या दोन्ही ठिकाणी शक्य तितक्या लागून करा. एक जागा मे मध्ये आणि दुसरी डिसेंबरमध्ये केली तर ती तुलना टाकून द्यावी लागते, कारण तापमानानेही पेशी विभागण्याचा वेग बदलतो. उधाणाच्या दिवसांची मोठी ओहोटी पकडली तर चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि निवट्या सहज दिसतात, पण मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरने चढतं आणि सपाट चिखलात ते किती झपाट्याने येतं हे ज्याने बघितलं नाही त्याला खरं वाटणार नाही. भरती-ओहोटीचं टेबल खिशात ठेवा, ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. एकट्याने जायचं नाही. त्या चिखलात कधीही न उतरलेल्या माणसाने कोळीवाड्यातल्या माणसाशिवाय जायचं नाही, कुठे पाय ठेवायचा ते त्यांनाच माहीत. गमबूट, हातमोजे, पायाला जखम असेल तर उतरूच नका, काच असते आणि लेप्टोचा धोका खरा आहे.

परवानग्या आधी घ्या. तिवरं संरक्षित आहेत, आणि ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या लेखी परवानगीशिवाय एक निवटीही उचलायची नाही. बाकी ठिकाणी स्थानिक मच्छीमार सोसायटीत जाऊन भेटा, काय करताय ते सांगा. प्राण्यावर प्रयोग आहे त्यामुळे तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीकडेही अर्ज करा. हे सगळं महिना-दीड महिना घेतं, तेवढा वेळ धरूनच चाला.

प्रत्येक जागेवर १५ ते २० निवट्या घ्या, साधारण एकाच मापाच्या. हाताने किंवा पागेने पकडलेल्या चांगल्या, गळाने नको, जखम होते. निवटीला पाण्यात बुडवून ठेवू नका, झाकणाला भोकं पाडलेली बादली, तळाला दोन बोटं तिथलंच पाणी आणि थोडा चिखल, सावलीत, आणि झाकण घट्ट, नाहीतर सगळ्या उड्या मारून बाहेर. तिथल्या तिथे पाण्याचं तापमान, खारटपणा, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन लिहून घ्या. ऑक्सिजन नक्की घ्या, कारण सांडपाण्याने ऑक्सिजन खूप खाली गेला तर त्या ताणानेही डीएनएला मार बसतो, नंतर निष्कर्ष काढताना हा आकडा लागतोच. आणि एका स्वच्छ बरणीत वरचा दोन-तीन सेंटीमीटर गाळ घेऊन फ्रीझ करा, आज तपासायला पैसे नसले तरी पुढे कुणाकडे मेटल किंवा पीएएच तपासून मिळाले तर सोनं आहे.

रक्त काढायच्या आधी भूल द्या. लवंगेचं तेल चालतं, लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम, पण तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून आधी नऊ भाग अल्कोहोलमध्ये हलवून मग पाण्यात घालायचं. निवटी हवेतूनही श्वास घेते त्यामुळे तिला इतर माशांपेक्षा जरा वेळ लागतो, घाई करून डोस वाढवू नका. आडवी पडली, शेपटीला चिमटा काढल्यावर हलली नाही की इन्सुलिनची बारीक सिरिंज हेपरिनने (रक्त गोठू न देणारं औषध) ओली करून शेपटीच्या देठाशी खालच्या बाजूने, मणक्याला सुई लागेपर्यंत हळू आत घ्या आणि किंचित मागे ओढा. थेंब-दोन थेंब येतात, पुरे. मग निवटीला ताज्या पाण्याने भिजवून वेगळ्या बादलीत ठेवा, सावध झाली की जिथून उचलली तिथेच सोडा. पहिल्या दहा-बारा माशांत हात बसत नाही, म्हणून तिलापियावर आधी सराव करा. लांबी, वजन, नर-मादी कळत असेल तर ते, सगळं लिहा.

स्मिअर तिथेच करायचा. स्वच्छ स्लाइडवर छोटा थेंब, दुसऱ्या स्लाइडने तिरपं धरून एका दमात पुढे. प्रत्येक माशाच्या तीन स्लाइड करा, दोन मोजायला, एक जपून ठेवायला. मुंबईची हवा इथे फार त्रास देते. स्मिअर हळू सुकला की पेशी आकसतात, आणि मिथेनॉलने हवेतलं पाणी ओढलेलं असेल तर पेशींत चमकणारे छोटे गोल डाग येतात जे नवख्या माणसाला हमखास मायक्रोन्यूक्लियस वाटतात. म्हणून बॅटरीवरचा छोटा पंखा न्या, स्मिअर पटकन सुकवा, आणि मिथेनॉल नव्या सीलबंद बाटलीतलं घ्या. १० मिनिटं मिथेनॉलमध्ये, मग परत सुकवून लॅबमध्ये जिम्सा, म्हणजे केंद्रक उठून दिसायला लावायचा रंग. जिम्सा ५ ते १० टक्के, पीएच ६.८ च्या बफरमध्ये, २० ते ३० मिनिटं, आणि दर वेळी ताजा गाळून घेतलेला. न गाळलेल्या जिम्साचे कण म्हणजे दुसरा फसवा मायक्रोन्यूक्लियस. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप मिळत असेल तर ॲक्रिडीन ऑरेंज वापरा, तो डीएनएलाच हिरवा रंग देतो त्यामुळे कचरा आणि खरा ठिपका ह्यात गोंधळ होत नाही.

आता मोजणी. १००० पट, ऑइल इमर्शन. मायक्रोन्यूक्लियस कशाला म्हणायचं ते आधी कागदावर लिहा आणि भिंतीला चिकटवा. गोल किंवा लंबगोल, मोठ्या केंद्रकाच्या एक तृतीयांशापेक्षा लहान, त्याला न चिकटलेला, कडा स्पष्ट, रंग मोठ्या केंद्रकासारखाच, फोकस किंचित हलवला तर दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, आणि ठिपका चमकत नाही. ह्यातली एक जरी अट बसली नाही तर मोजायचा नाही. फुटलेल्या किंवा एकमेकींवर चढलेल्या पेशी सोडून द्या. माशांच्या तांबड्या पेशींत कधी कधी परजीवीही असतात, ते बहुतेक लांबट असतात आणि रंग वेगळा घेतात, एकदा दाखवणारा माणूस भेटला की मग चूक होत नाही. मायक्रोन्यूक्लियसच्या बरोबर केंद्रकाचे बाकीचे बिघाडही वेगळ्या रकान्यात मोजा, फुगवटा आलेलं, खाच पडलेलं, पाकळ्यांसारखं झालेलं, एका पेशीत दोन केंद्रकं. १९९० मध्ये करास्को आणि सहकाऱ्यांनी केलेली ही वर्गवारी अजून सगळे वापरतात. पण हे दोन आकडे एकत्र करून एकच फुगवलेला आकडा देऊ नका.

किती पेशी मोजायच्या ह्यावर जरा थांबते कारण इथेच सगळे कंटाळून शॉर्टकट मारतात. स्वच्छ पाण्यातल्या माशात मायक्रोन्यूक्लियस फार कमी, हजारात एखादा किंवा तोही नाही. समजा खरा दर हजारात १ आहे. तुम्ही १००० पेशी मोजल्या तर १०० पैकी ३७ वेळा तुम्हाला शून्य मिळेल, निव्वळ योगायोगाने. २००० मोजल्या तर साधारण १४ वेळा. ४००० मोजल्या तर फक्त २ वेळा. म्हणजे १००० वर थांबून दोन खाड्यांची तुलना करणं म्हणजे नाणं उडवण्याच्या जवळ जाणं झालं. मी एका माशाच्या ४००० मोजते, दोन स्लाइडवर दोन-दोन हजार, एका माशाला तासभर तरी लागतो. २० मासे आणि दोन जागा धरल्या तर दीड लाखाच्या वर पेशी होतात, मान दुखते, डोळे दुखतात, म्हणून रोज तीन-चार माशांच्या वर करू नका. थकलेल्या डोळ्यांना एकतर सगळीकडे ठिपके दिसतात नाहीतर कुठेच दिसत नाहीत.

आणि स्लाइडवर जागेचं नाव असता कामा नये. रंगवायच्या आधीच तिसऱ्या माणसाने, ज्याला मोजायचं नाहीये अशाने, सगळ्या स्लाइडना आकडे द्यायचे, यादी स्वतःकडे ठेवायची आणि मोजणी पूर्ण संपेपर्यंत दाखवायची नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने, खूप प्रामाणिक मुलगी, एकाच स्लाइडची मोजणी एकदा नाव बघून आणि महिन्याने नाव झाकून केली, माहीमची असलेली स्लाइड नाव झाकल्यावर निम्म्यावर आली. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. आपल्याला खाडीची काळजी असते, आपल्याला तिथे काहीतरी सापडायला हवं असतं, आणि शंकेचा ठिपका आला की मन त्या बाजूला झुकतं. ज्याला जितकी जास्त कळकळ त्याने तितकं जास्त हे पाळायचं.

मायक्रोन्यूक्लियस दिसतो तो पेशी विभागून गेल्यावर, म्हणजे दुरुस्त न झालेलं, कायम झालेलं नुकसान. ताजं नुकसान, जे पेशी अजून दुरुस्त करू शकते, ते बघायचं असेल तर कॉमेट टेस्ट. १९८४ मध्ये स्वीडनच्या दोघांनी सुरू केली आणि १९८८ ला सिंग आणि सहकाऱ्यांनी अल्कलीवाली पद्धत दिली, तीच आज सगळीकडे चालते. कल्पना सोपी आहे, पेशी जेलीत अडकवायच्या, बाकी सगळं धुऊन फक्त डीएनए ठेवायचा, करंट द्यायचा, तुटलेले तुकडे पुढे सरकतात आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते.

कृती थोडक्यात. आदल्या दिवशी स्लाइडवर १ टक्का साध्या ॲगरोजचा थर सुकवून ठेवा. रक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये (पेशी जपणारं खारं बफर), मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, बर्फावर आणि अंधारात. त्यातलं थोडं ३७ डिग्रीच्या लो-मेल्टिंग ॲगरोजमध्ये, अंतिम ०.५ ते ०.७५ टक्के, मिसळून स्लाइडवर, कव्हरस्लिप, थंड ट्रेवर पाच-दहा मिनिटं. मग लायसिस, म्हणजे पेशी फोडणारं द्रावण, २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०, वापरायच्या आधी १ टक्का ट्रायटन एक्स-१०० आणि १० टक्के डीएमएसओ. डीएमएसओ वगळू नका, रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोखंडाने डीएनए आणखी तुटू नये म्हणून तो असतो. हे चार डिग्रीला रात्रभर ठेवता येतं आणि त्याचाच मुंबईत मोठा फायदा आहे, कारण ऐरोलीहून बर्फाची पेटी घेऊन लोकलने येईपर्यंत रक्त तसंच ठेवण्यापेक्षा जवळच्या एखाद्या शाळेची किंवा ओळखीच्या क्लिनिकची एक खोली मागून घ्या, तिथेच ॲगरोज करून स्लाइड लायसिसच्या बरणीत टाका आणि मग निवांत प्रवास करा. दुसऱ्या दिवशी ३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीएच्या गार बफरमध्ये, पीएच १३ च्या वर, २० मिनिटं ठेवून २५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअरला २० मिनिटं, हे सगळं मंद उजेडात. नंतर पीएच ७.५ च्या ट्रिसने तीन वेळा धुवा, रंगवा, बघा.

एका रनमध्ये दोन्ही जागांच्या स्लाइड घाला, शिवाय एक स्लाइड अशी जिच्यातल्या पेशींना मुद्दाम १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड बर्फावर १० मिनिटं दिलंय. तिच्यात शेपट्या नाही आल्या तर तो रनच फुकट, बाकी काहीही दिसत असलं तरी. मध्येच लाइट गेली तरी सगळा रन टाकायचा. एका माशाच्या १०० पेशी, शेपटीप्रमाणे ० ते ४ गुण द्या, बेरीज ० ते ४०० मध्ये येते, कॅमेरा असेल तर इमेजजे ह्या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं ओपनकॉमेट फुकट आहे. डोकंच नाही आणि सगळी शेपटीच आहे अशा पेशी वेगळ्या मोजा, त्या बऱ्याचदा आधीच मरणाऱ्या पेशी असू शकतात. रंगवायला इथिडियम ब्रोमाइड वापरलंत तर नायट्राइल हातमोजे घाला आणि ते पाणी सिंकमध्ये ओतू नका, वेगळं साठवून धोकादायक कचऱ्यात द्या, सिंकमधलं पाणी शेवटी ह्याच खाडीत जाणार आहे.

आकड्यांचं गणित करताना एक लक्षात ठेवा, तुमचा नमुना मासा आहे, पेशी नाही. २० मासे म्हणजे २०, ऐंशी हजार नव्हे. पेशी मोजून त्याच आकड्याने सांख्यिकी केली की कुठलाही फरक मोठा दिसतो आणि तो खोटा असतो. प्रत्येक माशाचा एक आकडा घ्या, दोन जागा असतील तर मान-व्हिटनी आणि तीन किंवा जास्त असतील तर क्रुस्कल-वॉलिस ही सांख्यिकीची टेस्ट करा, आणि सरासरीबरोबर प्रत्येक माशाचा ठिपका असलेला आलेख द्या.

उलटे आकडे आले तर घाबरू नका, विचार करा. क्रोमियमसारखी द्रव्यं डीएनएला प्रोटीनशी बांधून टाकतात आणि मग शेपटी उलट आखूड दिसते, म्हणजे आखूड शेपटी म्हणजे स्वच्छ पाणी असं नेहमी नाही. विष खूपच जास्त असेल तर पेशींचं विभागणंच मंदावतं आणि मायक्रोन्यूक्लियसही कमी होतात. म्हणून दोन्ही टेस्ट एकाच माशावर करा आणि गाळाचे आकडे शेजारी ठेवा. ह्या टेस्ट कुठल्या कारखान्याचं पाणी होतं ते सांगत नाहीत, तेवढं त्यांच्याकडून मागू नका.

आता निकाल कुणाला आणि कसा सांगायचा. पहिला प्रश्न हमखास येतो, मग हा मासा खायचा की नाही? ह्या टेस्टवरून त्याचं उत्तर देता येत नाही. माशाच्या पेशीतला तुटलेला डीएनए खाल्ल्याने आपल्याला लागत नाही. आपल्याला प्रश्न असतो तो मासात साठलेल्या पाऱ्याचा, कॅडमियमचा, आणि त्यासाठी मासाचीच वेगळी तपासणी लागते. हे स्पष्ट लिहा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, तेल सांडलं, तेव्हा मासळीची विक्री कशी पडली ते कोळीवाड्यात अजून विसरलेले नाहीत. अर्धवट आकडा व्हॉट्सॲपवर फिरला की सगळ्यात आधी टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा धंदा जातो, आणि पाणी ज्याने घाण केलं त्याला काहीच होत नाही. म्हणून मी निकाल आधी ज्यांच्या होडीत बसून गेले त्यांना घरी जाऊन दाखवते, स्लाइडचे फोटो मोबाईलवर दाखवते, मराठीत एक पान लिहून देते, आणि मगच प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला पत्र. मागच्या वेळी त्या निवट्या पकडणाऱ्या मावशींनी फोटोतला ठिपका बराच वेळ बघितला आणि विचारलं की अमुक नाल्याच्या तोंडाशी बिळं कमी झालीत, तिथली निवटी तपासली का. नव्हती तपासली. पुढच्या नोव्हेंबरच्या यादीत ती जागा पहिली आहे.

जपून ठेवलेल्या तिसऱ्या स्लाइड फेकू नका. लाकडी खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, प्रत्येकीवर पेन्सिलने कोड, आणि वहीत त्या कोडसमोर तारीख, ओहोटीची वेळ, खारटपणा, माशाची लांबी. सिलिका पावसाळ्यात दर महिन्याला बदला, नाहीतर स्लाइडवर बुरशी येते.